कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सोडा, पक्ष्यावर किती पडतात ते मोजा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल काय चाललंय. गुहागरजवळ तुमचा होमस्टे आहे, हातात २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर (छोट्या सेन्सरचा) कॅमेरा आणि ७०-३०० मिलिमीटरची लेन्स. अंजनवेलच्या बाजूला दिसणारे डॉल्फिन, सुरूच्या बनावरून जाणारा समुद्रगरुड, खाडीतला खंड्या असे फोटो काढता, पण सगळं लांब असतं म्हणून घरी येऊन क्रॉप करता, आणि क्रॉप केला की फोटो "पिठासारखा" होतो. हा शब्द मला फार आवडला, अगदी बरोबर आहे. मित्राने सांगितलं ४५ नाहीतर ६१ मेगापिक्सेलचा फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरचा) घे, मग मोठी लेन्स लागतच नाही, हवं तेवढं कापून घे. दीड लाख बाजूला काढलेत आणि डायनिंगच्या भिंतीवर २० बाय ३० इंचाच्या चार फ्रेम लावायच्यात. तर किती मेगापिक्सेल घेऊ?

मी मालवणात वीस-बावीस वर्षं हेच करतोय, पोटासाठी लग्नं आणि जिवासाठी पक्षी, आणि स्वतः ४५ चा कॅमेरा वापरतो, म्हणजे मेगापिक्सेलशी माझं वाकडं नाही. पण तुमचा प्रश्न किती मेगापिक्सेल हा नाहीच. तुमचा प्रश्न असा आहे की पक्षी लांब आहे आणि जे थोडे पिक्सेल त्याच्यावर पडतायत तेही खराब आहेत. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हीचं औषध वेगळं आहे.

आधी साधा हिशोब करू, कंटाळू नका. समुद्रगरुडाचे पंख पसरले की साधारण दोन मीटर. तो १०० मीटरवर आहे आणि तुमची लेन्स ३०० वर, तर सेन्सरवर त्याची प्रतिमा ६ मिलिमीटर रुंद पडते (३०० गुणिले २ भागिले १००, बस). तुमचा सेन्सर साडेतेवीस मिलिमीटर रुंद आणि त्यावर आडवे ६००० पिक्सेल, म्हणजे गरुडाच्या वाट्याला आले साधारण १५३०. आता तीच लेन्स, तोच गरुड, तीच जागा, पण ४५ मेगापिक्सेलचा फुलफ्रेम. सेन्सर ३६ मिलिमीटरचा आणि आडवे ८२५६ पिक्सेल, तर गरुडावर पडले १३८०. कमी! तुमच्या आत्ताच्या कॅमेऱ्यापेक्षा कमी. ६१ चा घेतलात तर १६०० च्या आसपास, म्हणजे आज आहे तेवढेच धरा. कारण फुलफ्रेममध्ये जास्तीचे पिक्सेल मोठ्या जागेवर पसरलेले असतात, गरुडाच्या आजूबाजूचं आकाश जास्त येतं एवढंच, आणि ते आकाश तुम्ही कापूनच टाकणार आहात. मित्राचा सल्ला चुकीच्या हेतूने नसेल पण तुमच्या बाबतीत दीड लाख घालून तुम्ही जिथे आहात तिथेच राहाल. आणि तुमची ७०-३०० जर क्रॉप सेन्सरसाठीचीच असेल तर बहुतेक फुलफ्रेम बॉडी ती लावल्यावर आपोआप मधलाच भाग घेतात, ४५ चे तिथेच १९-२० होतात, मग तर विषयच संपला.

याउलट तुमच्याच बॉडीवर ६०० पर्यंत जाणारी लेन्स लावा. तोच गरुड, ३०६० पिक्सेल. दुप्पट. मेगापिक्सेलच्या भाषेत लांबी दुप्पट म्हणजे क्षेत्रफळ चौपट, म्हणजे तुमच्याच लेन्सने एवढे पिक्सेल गरुडावर पाडायला तुमच्याच आकाराच्या सेन्सरवर ९६ मेगापिक्सेल लागले असते. म्हणून मेगापिक्सेलचे आकडे ऐकताना मनात वर्गमूळ काढायची सवय लावा. २४ वरून ४५ म्हणजे "जवळजवळ दुप्पट" असं दुकानदार सांगतो, पण आडव्या पिक्सेलमध्ये ती वाढ ६००० वरून ८२५६, सव्वा पटीपेक्षा थोडी जास्त. सव्वा पट तर होडी थोडी पुढे नेली तरी मिळते.

आता भिंतीचं बघू, कारण किती पिक्सेल पुरे हे शेवटी फोटो कुठे लागणार यावर ठरतं. ३०० डीपीआय (छापताना एका इंचात ३०० ठिपके) हा आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे, तो हातात धरून फूटभर अंतरावरून बघायच्या फोटोसाठी आहे. नीट बघणाऱ्या डोळ्याला जेवढं बारीक दिसतं त्यावरून तो आलाय, अंतर वाढलं की तो त्याच प्रमाणात उतरतो. डायनिंगमध्ये माणूस सोलकढी पिताना चार-पाच फुटांवरून बघणार, तिथे १०० डीपीआय आरामात चालतो. २० बाय ३० ला १०० ने म्हणजे २००० बाय ३००० पिक्सेल, सहा मेगापिक्सेल. तुमच्या २४ चा फोटो दोन्ही बाजूंनी अर्धा कापला तर नेमके सहाच उरतात! आणि वरचा १५३० पिक्सेलचा गरुड त्या फ्रेमची निम्मी रुंदी व्यापतो, जे दिसायला छान असतं, पंखांना हलायला जागा लागतेच. माझा स्वतःचा रापणीचा (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा) एक फोटो आहे, जुन्या १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने काढलेला, तो २० बाय ३० मध्ये एका खानावळीत लागलाय, तेलाचे डाग पडलेत त्याच्यावर पण आजपर्यंत एकाने विचारलं नाही कितीचा कॅमेरा होता. विचारतात ते "ह्यो आमचो काको काय रे?"

म्हणजे तुमच्याकडे पिक्सेल पुरेसे आहेत, निदान १०० मीटरपर्यंत. तरी पीठ होतंय, म्हणजे जे आहेत ते बिघडलेले आहेत. मग अडीचशे मीटरवरच्या गरुडाचं काय म्हणाल तर तिथे सहाशेच पिक्सेल उरतात, तो फोटो फोनवर बघायला ठीक, भिंतीवर नको, आणि कुठल्याही बॉडीने त्यात फार फरक पडत नाही.

बिघडतात कसे ते सांगतो, कारण खरी गंमत इथे आहे. क्रॉप करणं म्हणजे भिंगातून बघणं. भिंगातून गरुड मोठा दिसतो तसा हाताचा कंपही मोठा दिसतो. जुना नियम असा की शटर उघडं राहण्याचा वेळ एक भागिले फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा) ठेवा, ३०० ला १/३०० सेकंद. तो नियम पूर्ण फोटोसाठी आहे आणि तोही फिल्मच्या काळातला. तुमचा क्रॉप सेन्सर म्हणून १/४५०, त्यात तुम्ही अर्धा कापणार म्हणजे १/९००, आणि हे सगळं जमिनीवर दोन्ही पाय घट्ट असताना. होडीत बसलात की हे विसरा, १/२००० च्या खाली मी येतच नाही. आणि लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात सांभाळतं, डॉल्फिनची उडी नाही.

४५ चा कॅमेरा नवीन घेतला तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात देवबागच्या संगमावर गेलो होतो, डॉल्फिन भरपूर, मी खूश, पाचशेवर फोटो काढले. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर सगळे झकास. घरी कॉम्प्युटरवर १०० टक्के झूम करून बघितले तर एकाचीही कातडी दिसेना, सगळे साबण लावल्यासारखे. शटर १/५०० होतं. जुन्या १२ च्या कॅमेऱ्यावर तेच १/५०० चालून जायचं कारण त्याला एवढं बारीक दिसतच नव्हतं. जास्त मेगापिक्सेलने चुका वाढत नाहीत, पण झाकलेल्या उघड्या पडतात. होडीवाले दादा तेव्हाच सांगत होते, "घाई कित्याक करतंस, परत वर येतलो तो," मी मात्र आडवातिडवा फिरून बटण दाबत होतो.

दुसरं, आणि हे आपल्या किनाऱ्याचं खास दुखणं, हवा. सकाळी दहानंतर वाळू तापली, खाडीवर ऊन आलं की मधली हवा थरथरायला लागते. आमच्या जेट्टीवरून भर दुपारी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाचा फोटो घ्या, चिऱ्यांच्या ओळी नागमोडी दिसतात. लेन्स लाखाची असो की दहा लाखांची, तीच थरथर जास्त मोठी करून दाखवते. तेव्हा १०० मीटरच्या पुढचं काही काढायचं तर उजाडल्यापासून आठ-साडेआठपर्यंत, नाहीतर पाऊस पडून गेल्यावर हवा धुतलेली असते तेव्हा. तुम्ही फोटोंच्या वेळा दिल्या नाहीत पण होमस्टे आहे म्हणजे सकाळचा चहा-नाश्ता आवरून अकराला निघत असणार असा माझा अंदाज आहे, चुकलो तर माफ करा.

तिसरं, लेन्स स्वतः. बऱ्याच ७०-३०० लेन्स ३०० च्या टोकाला पूर्ण उघड्या असताना थोड्या मऊ असतात, एफ ८ ला आणा (म्हणजे लेन्सचं छिद्र थोडं लहान करा), बरं वाटेल. एफ १६ वर मात्र नेऊ नका, तिथे प्रकाश छिद्राच्या कडेवर पसरतो आणि बारीक पिक्सेलवर ती मऊ साय दिसते. आणि आजच एक काम करा, लेन्स काढा, अंधाऱ्या खोलीत मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या पांढऱ्या रेषा दिसल्या तर ते फंगस आहे. चार पावसाळे कपाटात ठेवलेल्या लेन्सला कोकणात फंगस न लागणं हेच नवल. माझी एक चांगली लेन्स अशी गेली, लेदरच्या पाउचमध्ये जपून ठेवली होती, तिथेच बुरशीला घर मिळालं. तेव्हापासून घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रता मीटर, ४० ते ५० च्या मध्ये काटा ठेवायचा, जेलचा रंग बदलला की तव्यावर शेकून परत. फंगस असेल तर कॉन्ट्रास्ट जातो आणि क्रॉप केल्यावर जे पीठ दिसतं त्यातलं अर्धं तिथलंच असू शकतं.

आणि चौथं म्हणजे नॉईज, याच्याकडे कोणी बघत नाही. फोटो दोन्ही बाजूंनी अर्धा कापला म्हणजे सेन्सरवर पडलेला तीन चतुर्थांश उजेड तुम्ही फेकून दिला. उरलेल्या पाव उजेडाचा फोटो त्याच मापात छापला तर आयएसओ (कमी उजेडात वाढवायची संवेदनशीलता) १६०० चा फोटो ६४०० सारखा दाणेदार दिसतो. भर उन्हात चालून जातं. पण कासवांच्या वेळी बघा, वेळास असो आंजर्ले असो की तुमचं गुहागर, पिल्लं सोडतात ती पहाटे उजाडताना नाहीतर सूर्य मावळताना, फ्लॅश मारायचा नाही, माणसं दोरीच्या मागे. चार-साडेचार सेंटिमीटरचं पिल्लू, तुम्ही तीन मीटरवर, आयएसओ आधीच ३२०० झालेला. तिथे कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किटलेन्सने काढून नंतर कापू असं ठरवलंत तर गोटा आणि पिल्लू यातला फरक कळणार नाही. तिथे वाळूवर पालथं पडून ३०० लावायची, क्रॉप जवळजवळ करायचाच नाही. मेगापिक्सेल त्या वेळी कितीही असोत, उजेड किती गोळा केला तेवढंच खरं.

फोनचं पण विचारलंय तुम्ही, २०० मेगापिक्सेलचं. ते थोडक्यात सांगतो. तिथे १६ बारीक पिक्सेल मिळून एक धरतात आणि बहुतेक वेळा तुम्हाला साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो मिळतो. थोडा झूम केला की मधला भाग कापून देतात, तो उजेडात खरंच चांगला असतो, त्याला नावं ठेवायची गरज नाही. पुढचा ५०, १०० पट झूम म्हणजे कापलेलं ताणून वर रंगरंगोटी. एआयने मोठं करणारी सॉफ्टवेअरं पण तशीच, नसलेली पिसं काढून देतात. स्टेटसला ठेवा हवं तर. पण एखादा तुतवार की चिखल्या (दोन्ही किनाऱ्यावरचे छोटे पक्षी) असा वाद असेल तिथे असल्या फोटोवर नाव ठरवू नका, कारण ती पिसं त्या पक्ष्याची नाहीतच.

आता मी ४५ चा का घेतला हे विचाराल. माझी कामं वेगळी आहेत. लग्नाचा करिझ्मा अल्बम १२ बाय ३६ इंचाचा उघडतो, हातात घेऊन बघतात, त्यात कधी एकच फोटो दोन्ही पानांवर जातो. वाडीच्या देवळासमोर पूर्ण गोतावळ्याचा फोटो. एकच फोटो आडवा अल्बमला आणि उभा रीलला (रीलला खरं तर तुमच्या २४ मधूनही उभा कापला तरी नऊ मेगापिक्सेल उरतात आणि लागतात दोन). इथे मी विषयाच्या जवळ जाऊ शकतो, उजेड लावू शकतो, ट्रायपॉड आहे, म्हणजे प्रत्येक पिक्सेल कामाचा असतो. जास्त मेगापिक्सेलचा फायदा असा जवळच्या, शांत, उजेडातल्या कामात पूर्ण मिळतो, आणि लोक घेतात मात्र लांबच्या, हलत्या, अंधुक कामासाठी.

आणि तिथेही मर्यादा आहेच. स्टुडिओत वर्षातून चार-पाच वेळा तरी कोणीतरी येतं, घरातलं वडीलधारं माणूस गेलेलं असतं आणि भिंतीवर लावायला फोटो नाही. "तुम्हीच काढला होता ना लग्नात, त्या ग्रुपमधून आजोबांचा काढून द्या." ग्रुपमध्ये एका ओळीत वीस माणसं, ४५ मेगापिक्सेल म्हटलं तरी एका माणसाच्या वाट्याला चारशे पिक्सेल, त्यात चेहरा दीडशेचा. ८ बाय १० ला काय पुरणार ते? २४ च्या काळात तर शंभर-सव्वाशे होते. एका मुलीला मी असा फोटो करून दिला, जमेल तेवढी मेहनत घेतली, ती बघून काही बोलली नाही, पैसे दिले आणि गेली. त्यानंतर मी प्रत्येक लग्नात ग्रुप झाला की सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना बाजूला खुर्चीवर बसवून एकेकाचा अर्ध्या अंगाचा फोटो काढतो, दहा मिनिटं जातात, भटजी ओरडतात, पण काढतो. हे काम १०० मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यानेही झालं नसतं, खुर्चीने झालं.

क्रॉपच्या विरोधात मी नाही हां, गैरसमज नको. उडणारा पक्षी किंवा डॉल्फिन मी मुद्दाम सैल फ्रेममध्ये घेतो, कारण घट्ट घेतला की शेपूट नाहीतर पंखाचं टोक कापलं जातं. एक तृतीयांश रुंदी कापावी लागली तर बिनधास्त कापा, २४ चे साडेदहा उरतात. अर्धी कापायची वेळ आली तर बाकी सगळं, शटर, फोकस, हवा, नीट असलं पाहिजे. त्याच्या पुढे मी त्या फोटोला आठवण म्हणून ठेवतो. मैदानात खेळांचे फोटो काढणाऱ्यांसाठी कॅननने २०२० मध्ये सगळ्यात महागड्या डीएसएलआरपैकी जो एक काढला, १डीएक्स मार्क थ्री, तो २० मेगापिक्सेलचा होता. त्या लोकांकडे ४०० आणि ६०० च्या लेन्स असतात, कापायची वेळच कमी येते.

तर खरेदी. काहीही घ्यायच्या आधी एक सकाळ खर्च करा. भिंतीला वर्तमानपत्राचं पान लावा, वीस-पंचवीस फुटांवर ट्रायपॉड, ३०० ला, एफ ८, दोन सेकंदांचा टायमर, स्टॅबिलायझेशन बंद. मग तोच फोटो हातात धरून १/२५० ला आणि १/१००० ला. तिन्ही १०० टक्के झूमला बघा. ट्रायपॉडवरचाही मऊ असेल तर दोष लेन्समध्ये किंवा फोकसमध्ये आहे. ट्रायपॉडचा खणखणीत आणि हातातला मऊ तर दोष शटरमध्ये, आणि तो फुकटात सुटतो. हे न करता ४५ ची बॉडी घेतलीत तर तेच पीठ दुप्पट जागा खाईल, एकेक रॉ (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली) फाईल ५० एमबीच्या आसपास होते, हजार फोटोंची एक सहल म्हणजे ५० जीबी, कॉम्प्युटर पण बदलावा लागेल.

टेस्टमध्ये कॅमेरा पास झाला तर माझं मत, बॉडी हीच ठेवा आणि १५०-६०० घ्या, सिग्मा किंवा टॅमरॉन, सेकंडहँड चालेल, टॉर्चची परीक्षा करूनच. दोन किलोची वस्तू आहे, खांदा दुखतो, खंड्यासाठी पंधरा मिनिटं हातात धरून बसता येत नाही, मोनोपॉड लागतोच. तुमचं वय, तब्येत मला माहीत नाही, जड झेपणार नसेल तर १००-४०० बघा, तेही ३०० पेक्षा तिसऱ्या हिश्श्याने पुढे. टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोच वाढवणारं जोडभिंग) तुमच्या ७०-३०० वर लावू नका, १.४ चा लावला तरी एक स्टॉप, म्हणजे निम्मा, उजेड जातो आणि एफ ६.३ च्या लेन्सवर फोकस चाचपडायला लागतो. उरलेल्या पैशात होडीवाल्याला सकाळी सहाला बोलवा, रोजच्या फेरीचे पैसे देऊन फक्त तुमच्यासाठी, इंजिन बंद करून एका जागी थांबायला सांगा. दोनशे मीटरचे शंभर मीटर झाले तर तो तुमचा चौपट मेगापिक्सेल झाला, आणि डॉल्फिनच्या मागे होडी पळवायची नाही, ते स्वतः येतात.

होडीत जाताना धुऊन मऊ झालेला एखादा सुती पंचा बरोबर ठेवा. तुषार उडाले की लेन्सच्या काचेवर मीठ वाळतं, ते कोरडं पुसू नका, ओरखडे पडतात. आधी गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या कोपऱ्याने टिपायचं, मग कोरड्या कोपऱ्याने. टेस्टचे तिन्ही फोटो टाका इथे, शटर आणि वेळ लिहून, बघून सांगतो.